कमी उजेडातलं प्रवाळ

‘टाकी छोटी आहे, खोलीत ऊन येत नाही, दिवा साधाच आहे. कोणतं प्रवाळ जगेल?’

खाऱ्या पाण्याच्या अ‍ॅक्वेरियमच्या नादाला लागलेला प्रत्येक नवखा माणूस हा प्रश्न विचारतो. मीही विचारला होता. उत्तर तयारच असतं: मशरूम कोरल, झोअँथिड, ग्रीन स्टार पॉलिप, लेदर कोरल. ही यादी आली कुठून, हे शोधत मागे मागे गेलो आणि १८४६ सालच्या इंग्लंडमध्ये पोचलो.

त्या वर्षी अ‍ॅना थिन नावाची बाई डेव्हन परगण्यातल्या टॉर्की या समुद्रकाठच्या गावी गेली होती. नवरा लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये मोठ्या हुद्द्यावरचा धर्मगुरू. बाईंना भूशास्त्राचा नाद. टॉर्कीच्या खडकांवर तिला जिवंत प्रवाळ दिसलं आणि ते लंडनला न्यायचंच असं तिने ठरवलं. प्रवासात आपटून इजा होऊ नये म्हणून तिने ते सुईदोऱ्याने स्पंजाला टाचलं आणि समुद्राच्या पाण्याने भरलेल्या बरणीत ठेवलं.

खरी अडचण लंडनला आल्यावर सुरू झाली. समुद्राचं पाणी मोजकंच. साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो, आणि विजेवर चालणारा पंप अजून कुणी पाहिलेला नव्हता. मग उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायचं, एकेका वेळी अर्धा-पाऊण तास, असा उपाय निघाला. हे काम थिनबाई स्वतः करत नव्हत्या. घरात कामाला असलेली एक लहान मुलगी करत होती. काम दमवणारं होतं, पण पोरीला त्यात गंमत वाटायची, असं बाईंनी लिहून ठेवलंय. पोरीचं नाव मात्र लिहिलेलं नाही.

पुढच्या वर्षी टाकीत समुद्री शेवाळ आलं. शेवाळ उजेडात ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे पाणी टिकू लागलं. प्रवाळ जगलं, वाढलं, त्याला पिल्लंही झाली. त्या वाढीच्या नोंदी १८५९ साली एका विज्ञानविषयक नियतकालिकात छापून आल्या.

लंडनच्या मळभात, घरातल्या खिडकीपाशी प्रवाळ जगलं कसं? कारण ती जात वेगळी होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं ते कपासारखं प्रवाळ, कॅरिओफिलिया, आपल्या शरीरात शेवाळ बाळगत नाही. कपारीत, अंधाऱ्या जागी राहतं आणि पाण्यातून वाहत येणारे बारीक जीव पकडून खातं. त्याला उजेड नको होता. त्याला हवं होतं ताजं पाणी आणि अन्न, म्हणजे कुणाचे तरी हात.

उष्ण समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांचं तसं नाही. त्यांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ असतं. ते नेमकं काय करतं, यावर बराच काळ वाद होता. १९२८-२९ मध्ये मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ग्रेट बॅरियर रीफवर मोहीम गेली. तिथे प्रवाळ अंधारात कोंडून ठेवण्याचे प्रयोग झाले. शेवाळ गेलं तरी प्रवाळ जगलेलं पाहून यंग यांनी निष्कर्ष काढला, की प्रवाळाचं अन्न शेवाळातून येत नाही. पुढे किरणोत्सारी कार्बनचा माग काढून अमेरिकेत लिओनार्ड मस्कटाइन यांनी दाखवलं, की शेवाळाने उन्हात केलेलं अन्न प्रवाळाला मिळतं.

हौशी लोक आपल्या वाटेने तिथेच पोचले होते. १९६१ साली ली चिन एंग या जकार्त्याच्या माणसाने आपली पद्धत छापली: समुद्रातले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतलं ऊन. जकार्त्यात ऊन फुकट होतं. बर्लिनमध्ये नव्हतं, म्हणून तिथल्या मंडळींनी प्रखर दिवे आणि चुन्याचं पाणी वापरून दगडी सांगाड्याची प्रवाळं घरात वाढवली. दिवे परवडले नाहीत, हात चुकला, तरी जी प्रवाळं तग धरून राहिली, त्यांच्यावर ‘सोपी’ असा शिक्का बसला.

म्हणजे आजची यादी ही आधीच्यांच्या चुकांतून तयार झाली आहे. मशरूम कोरलला दगडी सांगाडा नसतो. त्याला कॅल्शियमची फार गरज पडत नाही, मंद उजेड चालतो, पाणी थोडं गढूळ असलं तरी ते रुसत नाही. ग्रीन स्टार पॉलिप गालिच्यासारखं पसरतं, म्हणून त्याला वेगळा दगड द्यावा. झोअँथिडच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. ते हाताळताना हातमोजे हवेत, आणि त्याचा दगड कधीही उकळू नये. टाकी जितकी छोटी तितकं पाणी लवकर बिघडतं. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची.

‘कमी उजेड’ या शब्दाने मात्र फसगत होते. केशरी रंगाचं सन कोरल दुकानात याच नावाखाली दाखवतात. ते थिनबाईंच्या प्रवाळासारखं: उजेड नको, पण एकेका पॉलिपला नियमित भरवावं लागतं. न भरवलेलं सन कोरल आठवड्यात मरत नाही. महिनोन्महिने उपाशी झिजतं, आणि मालकाला वाटतं सगळं ठीक आहे.

हौसेची किंमत किनाऱ्यालाही मोजावी लागते. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या आल्या. त्यांच्या मुलाने, एडमंडने, १९०७ साली लिहिलं, की संग्राहकांच्या झुंडींनी खडकांतली डबकी ओरबाडून नेली आणि वडिलांना त्याचं फार दुःख होतं.

आपल्याकडे २००१ पासून दगडी सांगाड्याची सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. म्हणूनच कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर सापडलेल्या वसाहती तशाच भरावाखाली गाडता आल्या नाहीत. २०२० मध्ये परवानगी घेऊन त्या हलवाव्या लागल्या. मुंबईच्या गढूळ पाण्यात ऊन किती पोचत असेल? तरी ती तिथे होती, आणि रोज वरून जाणाऱ्या आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

मी अजून प्रवाळ घेतलेलं नाही. टाकीत दगड आहेत, दोन मासे आहेत. रोज रात्री उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी हळूहळू ओततो. पाच मिनिटांचं काम. कामावरून दमून आलो की त्याचाही कंटाळा येतो, आणि तेव्हा वेस्टमिन्स्टरच्या खिडकीपाशी दोन भांडी घेऊन उभी असलेली ती मुलगी आठवते. तिला खरंच गंमत वाटत होती का, हे तिला कुणी विचारलं नसावं.