जपानचे जनमत : कोणाला विचारले आणि काय विचारले?

जपानविषयी आपल्या चळवळीत एक आपुलकी आहे आणि तिला कारणे आहेत. भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई जपानमधून आले आणि नागपूरचे झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार जपानी दानातून उभे राहिले. त्यामुळे शिबिरांत, व्याख्यानांत एक वाक्य हमखास कानावर येते : "जपान बौद्ध देश आहे, तिथे जात नाही, म्हणून तो पुढे गेला." आम्हाला या वाक्यावरच बोलायचे आहे. जपानी माणसाला गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे सतत प्रश्न विचारले गेले आहेत आणि त्याची उत्तरे छापली गेली आहेत. लग्न कोणाशी कराल, साहेब कसा हवा, स्वतःला श्रीमंत समजता की गरीब, देव मानता का, सगळे विचारून झाले आहे. मग ऐकीव गोष्टींवर का विसंबायचे? मात्र आकडा हातात घेताना तीन गोष्टी तपासायच्या : प्रश्न कोणी विचारला, कोणाला विचारला, आणि उत्तरासाठी पर्याय कोणते ठेवले?

सुरुवात १९४८ पासून करू. युद्ध हरलेल्या जपानवर अमेरिकी सैन्याचा ताबा होता. चिनी चित्राक्षरांची लिपी इतकी अवघड आहे की सामान्य माणसाला ती येतच नसणार, तेव्हा रोमन लिपी आणावी, असा विचार अमेरिकी अधिकाऱ्यांत चालू होता. म्हणून देशभरातून यादृच्छिक पद्धतीने १५ ते ६४ वयाचे सुमारे १७ हजार लोक निवडले आणि त्यांची वाचन-लेखनाची परीक्षा घेतली. एकही गुण न मिळालेले दोन टक्क्यांहून कमी निघाले. रोमन लिपीची गोष्ट मागे पडली आणि जपान जवळजवळ शंभर टक्के साक्षर असल्याची ख्याती जगभर झाली.

ही सरासरी खोटी नव्हती. पण त्याच देशात १९६० च्या दशकात फुकुओका भागात बुराकू वस्त्यांतल्या बायका रात्रीचे वर्ग काढून स्वतःचे नाव लिहायला शिकत होत्या. ही साक्षरता चळवळ पुढे इतर प्रांतांत पसरली. १९६३ साली सायतामा प्रांतात इशिकावा काझुओ नावाच्या बुराकू तरुणाला एका मुलीच्या अपहरण आणि खुनासाठी अटक झाली. खंडणीची चिठ्ठी त्यानेच लिहिली, असे पोलिसांचे म्हणणे. ज्याला धड लिहिता येत नव्हते त्याने ती चिठ्ठी लिहिलीच कशी, असा बचाव पक्षाचा सवाल. आधी फाशी, मग जन्मठेप झाली. इशिकावा तुरुंगात लिहायला शिकले, १९९४ ला पॅरोलवर सुटले, आणि २०२५ मध्ये वारले तेव्हाही फेरसुनावणीची मागणी चालूच होती. दोन टक्क्यांहून कमी हा आकडा ऐकताना वाटते, इतके कमी म्हणजे नसल्यासारखेच. पण ते दोन टक्के कोणत्या वस्तीत राहतात, हे त्या आकड्यात दिसत नाही.

आता बुराकू म्हणजे कोण? शब्दाचा साधा अर्थ वस्ती, पाडा. तोकुगावा राजवटीत मेलेली गुरे ओढणे, कातडी कमावणे, फाशी देणे, प्रेते हलवणे ही कामे ज्यांच्याकडे होती त्यांना 'एता' म्हणत. आज ही शिवी मानली जाते. या शब्दाच्या चित्राक्षरांचा अर्थच 'पुष्कळ विटाळ'. त्यांच्या वस्त्या गावाबाहेर. रंग तोच, भाषा तीच, वंश तोच, धर्मही तोच. फरक फक्त जन्माच्या ठिकाणाचा आणि वाडवडिलांच्या कामाचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून जास्त समजावायची गरज नसावी! १८७१ च्या राजाज्ञेने हा दर्जा रद्द झाला. पण पुढच्याच वर्षी 'कोसेकी' ही कुटुंब नोंदवही देशभर लागू झाली आणि तिच्यात कित्येक ठिकाणी जुना दर्जा खुणेने किंवा सरळ शब्दांत लिहिला गेला. कायद्याने दर्जा पुसला, कारकुनाने तो पुन्हा लिहिला. ती १८७२ ची नोंदवही लोकांसाठी बंद व्हायला १९६८ साल उजाडले.

३ मार्च १९२२ रोजी, महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, क्योतोमध्ये 'सुइहेइशा' स्थापन झाली. सुइहेइ म्हणजे पाण्याची समपातळी. तिचा जाहीरनामा साइको मानकिची यांनी लिहिला आणि तो दयेची भीक मागणारा नव्हता. पुढे नेते झालेले मात्सुमोतो जिइचिरो युद्धानंतर वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. १९४७ च्या संविधानाच्या कलम १४ मध्ये सामाजिक दर्जा आणि कुळ यांवरून भेदभाव करायला बंदी आली. तेव्हा 'तिथे जात नाही' म्हणणाऱ्यांनी या लोकांच्या लढ्याचे काय करायचे ते ठरवावे.

पुन्हा सर्वेक्षणांकडे येऊ. सगळेच चित्र काळे आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. तोक्योची सांख्यिकी गणित संस्था १९५३ पासून दर पाच वर्षांनी 'जपानी लोकांचा स्वभाव' तपासते. तिचा एक प्रश्न आम्हाला फार आवडतो : पुन्हा जन्म मिळाला तर पुरुष व्हाल की स्त्री? १९५८ मध्ये ६४ टक्के बायकांनी पुरुषाचा जन्म मागितला. २०१३ मध्ये सुमारे ७१ टक्के बायका म्हणाल्या, स्त्रीच. पुरुष मात्र प्रत्येक वेळी नव्वद टक्क्यांच्या आसपास पुरुषच व्हायला तयार! लेखी कायद्यापेक्षा असा एखादा प्रश्न समाजाविषयी जास्त सांगून जातो. आपल्याकडे हाच प्रश्न जातीविषयी विचारून पाहावा. पुन्हा जन्म मिळाला तर कोणत्या घरी?

सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचकेने १९७३ ते २०१८ दर पाच वर्षांनी असेच सर्वेक्षण केले. १९९३ मध्ये 'लग्न केलेच पाहिजे' म्हणणारे ४५ टक्के होते, २०१८ मध्ये २७. नवऱ्याने कमवावे आणि बायकोने घर सांभाळावे हे आदर्श कुटुंब मानणारे १९७३ मध्ये ३९ टक्के होते. ते २०१८ पर्यंत १५ वर आले. माणसाची मते बदलतात, आणि एका पिढीत बदलतात. 'लोकांची मानसिकता बदलायला शतके लागतात' हे आपल्याला ऐकवले जाणारे प्रवचन इथेच संपते.

पण त्याच सर्वेक्षणात एक आकडा उलटा जातो. लोकांसमोर यादी ठेवून विचारतात, यांतले संविधानाने दिलेले हक्क कोणते? १९७३ मध्ये कामगार संघटना बांधणे हा हक्क आहे हे ३९ टक्क्यांनी ओळखले होते, २०१८ मध्ये केवळ १८ टक्क्यांनी. अभिव्यक्ती स्वातंत्र्य ओळखणारे ४९ वरून ३० वर घसरले. आणि कर भरणे हा 'हक्क' आहे म्हणणारे ३४ वरून ४४ वर गेले! कर भरणे हे जपानी संविधानात कर्तव्य आहे. देश श्रीमंत झाला, शिक्षण वाढले, आणि हक्कांची ओळख पुसट झाली. यामागे कामगार चळवळीची पीछेहाट आहे असे आमचे मत. संविधान शाळेत पाठ करून टिकत नाही. ते मोर्चात, संपात, कोर्टात वापरले गेले तरच लोकांच्या लक्षात राहते.

पर्यायांची गंमत पाहायची असेल तर सरकारचे राहणीमान सर्वेक्षण पाहावे. १९५८ पासून त्यात विचारतात की चारचौघांच्या तुलनेत तुमचे घर कोणत्या पातळीवर आहे. पर्याय पाच : वरची, मध्यमातली वरची, मध्यमातली मधली, मध्यमातली खालची, खालची. पाचांतले तीन 'मध्यम'! १९५८ मध्ये या तीन पर्यायांत ७२ टक्के लोक आले, १९७० च्या सुमारास नव्वद टक्के. मग 'दहा कोटी जनता, सगळीच मध्यमवर्गीय' हे वाक्य वर्तमानपत्रांत रूढ झाले. अर्थतज्ज्ञ किशिमोतो शिगेनोबु यांनी १९७८ मध्ये या मध्यमवर्गाला भ्रम म्हणणारे पुस्तक लिहिले. पण भ्रम सोयीचा होता. सगळेच मध्यम असतील तर तळाशी कोण आहे, हा प्रश्नच उरत नाही. आणि नेमक्या त्याच काळात सरकारच्याच समितीचा १९६५ चा अहवाल बुराकू प्रश्नाला अत्यंत गंभीर सामाजिक प्रश्न म्हणत होता. १९६९ च्या विशेष कायद्याने त्या वस्त्यांत घरे, रस्ते, शाळा यांवर खर्च सुरू झाला होता. तो २००२ पर्यंत चालला.

याच योजनेपोटी १९९३ मध्ये सरकारने वस्त्या मोजल्या : ४,४४२ वस्त्या आणि सुमारे ८ लाख ९३ हजार माणसे. बुराकू मुक्ती संघटना सहा हजार वस्त्या आणि तीस लाख माणसे म्हणत आली आहे. इतका फरक का? ज्या वस्त्यांची योजनेत नोंदच झाली नाही, त्या सरकारी मोजणीत आल्या नाहीत. वस्ती सोडून शहरात गेलेलेही सुटले. पण याच सर्वेक्षणातून एक मोलाची गोष्ट कळली. नवरा ८० वर्षांवरचा असलेल्या जोडप्यांत दोघेही बुराकू असण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. नवरा २५ च्या आतला असेल तर ते सुमारे २५ टक्क्यांवर आले होते. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनासाठी मिश्रविवाहावर जो भर दिला, त्याचा विचार करताना हे दोन आकडे जवळ ठेवण्यासारखे आहेत.

मग लग्नाचा प्रश्न सुटला का? २०१६ मध्ये बुराकू भेदभाव दूर करण्याचा कायदा आला आणि न्याय मंत्रालयाने केलेल्या सर्वेक्षणाचा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे ७८ टक्के लोकांना हा भेदभाव माहीत होता. तो अन्याय आहे हे जाणणाऱ्यांपैकी सुमारे ७३ टक्के म्हणाले की तो अजूनही आहे. आणि जोडीदार अशा वस्तीतला आहे का याची फिकीर वाटते, असे सुमारे १६ टक्क्यांनी कबूल केले. सहात एक. हे कबूल केलेले. मनातले किती असतील? मानवी हक्कांविषयीच्या २०१७ च्या सरकारी चाचणीत, या लोकांवर कोणता अन्याय होतो असे विचारल्यावर सुमारे ४० टक्क्यांनी 'लग्नाला विरोध' हेच उत्तर दिले होते. 'मी पाळत नाही, पण लोक पाळतात' हे उत्तर आपल्या ओळखीचे आहे. भारतात २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात सुमारे २७ टक्के घरांनी कोणत्या ना कोणत्या रूपात अस्पृश्यता पाळत असल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगितले होते.

आणि बौद्ध धर्म? जपानी सरकारकडे धर्मसंस्थांनी कळवलेल्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते, कारण एकाच घराची मोजणी शिंतो देवस्थानही करते आणि बौद्ध मंदिरही. माणसाला थेट विचारले तर श्रद्धा आहे म्हणणारे तीसेक टक्के. मंदिराशी बहुतेकांचा संबंध उरतो तो मृत्यूनंतरच्या विधीपुरता. तिथेही बुराकू मृतांना भिक्षूंनी दिलेल्या धर्मनामांत 'पशू', 'कातडे', 'नीच' अशी अक्षरे घालून ती थडग्यांवर कोरली गेली होती. १९७९ मध्ये प्रिन्स्टनच्या जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाचे वरिष्ठ प्रमुख माचिदा यांनी सांगून टाकले की जपानमध्ये असा भेदभावच नाही. बुराकू संघटनेने जाब विचारला, पंथाला स्वतःची दप्तरे तपासावी लागली, आणि पुढच्या, नैरोबीच्या परिषदेत माचिदांनी आपले विधान मागे घेतले. देश बौद्ध म्हणवतो म्हणून तिथे समता नांदते असे नाही. २२ प्रतिज्ञा घेऊन आलेल्या धम्माची आणि घराण्याने आलेल्या मंदिराची गल्लत आपण करू नये.

मोजणीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपल्यासमोर तोच विषय आहे. १९३६ मध्ये एका सरकारपुरस्कृत सुधारणा संस्थेने देशातल्या पाच हजारांहून अधिक बुराकू वस्त्यांची यादी केली. हेतू कल्याणाचा. १९७५ मध्ये उघड झाले की अशा वस्त्यांच्या नावांची पुस्तके गुपचूप विकली जात होती आणि नोकरीसाठी आलेल्या मुलांचे मूळ गाव तपासायला दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतली होती. १९७६ मध्ये कायदा बदलून दुसऱ्याची कोसेकी पाहण्यावर निर्बंध घालावे लागले. २०१६ मध्ये तीच १९३६ ची यादी पुन्हा छापायचा घाट घातला गेला. न्यायालयाने तो रोखला आणि २०२३ मध्ये तोक्योच्या उच्च न्यायालयाने, भेदभाव न होता जगणे हा हक्क आहे, असे मान्य केले.

या भीतीपोटी २०२० च्या सर्वेक्षणात मंत्रालयाने लोकांची मते विचारली, तक्रारी मोजल्या, पण वस्त्यांत जाऊन राहणीमान तपासले नाही. १९९३ नंतर त्या वस्त्यांतले उत्पन्न, शिक्षण, बेकारी यांचा देशव्यापी आकडा नाही. यादी धोक्याची म्हणून मोजणीच नाही, आणि मोजणी नाही म्हणून मागणीला आधार नाही.

आता आपल्या जनगणनेत जातीची नोंद होणार आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिल्यावर जात लिहावी की नाही, यावरून आपल्यातच वाद पेटला आहे. जात पुन्हा कागदावर का आणायची, असे विचारणाऱ्यांची भावना आम्हाला कळते. कोसेकीचा इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो. पण कोसेकी कारकुनाच्या कपाटात होती आणि कोणीही ती उघडून पाहू शकत होते. आपल्या जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तीची नोंद कोणाला पाहता येत नाही आणि पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. बाहेर येते ती फक्त बेरीज. २०११ च्या बेरजेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते, त्यांतले सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतल्या बौद्धांना जे संरक्षण मिळाले, त्याचा हिशेब याच दोन रकान्यांतून मांडला जातो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : दोन्ही रकाने भरावेत, प्रगणकाने काय लिहिले ते समोर बसून वाचून घ्यावे, आणि कलम १५ ला कोणी हात लावत असेल तर त्याच दिवशी रस्त्यावर उतरावे.