'टू' आला कुठून?

'आय स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे मी सिगारेट सोडली. 'आय स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगारेट ओढायला थांबलो. डॉक्टरांसमोर गल्लत केलीत तर अर्थ उलटाच!

हा फरक कुणा व्याकरणकाराने लादलेला नाही. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप 'अन' प्रत्ययाने होई. 'टू' म्हणजे 'कडे'. तो लागला की शेवटी 'एन्ने' येई, आणि बहुधा हेतू सांगितला जाई. क्रियेचं नाम करायला 'उंग' किंवा 'इंग' होता. १५०० सालापर्यंत 'अन' आणि 'एन्ने' झिजले, त्यांच्या जागी 'टू' तेवढा उरला. आपल्या 'ओढायला'तला 'ला' हेच काम करतो ना?

सगळी क्रियापदं या हिशेबात बसत नाहीत. काही पाठच करावी लागतात. पण पाठांतराआधी अर्थ विचारा. पुष्कळ नियमांच्या पोटात तो असतो.