जेरबाचे जमिनीतले माग

ट्युनिशियाच्या दक्षिण किनाऱ्यालगत भूमध्य समुद्रात जेरबा नावाचं बेट आहे. २०२३ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. चर्चा झाली ती तिथल्या इबादी मुस्लिमांच्या पांढऱ्या मशिदींची आणि ज्यूंच्या ग्रीबा या प्रार्थनास्थळाची. मला मात्र तिथल्या विणकरांविषयी लिहायचं आहे.

जेरबात पाऊस कमी. नुसत्या शेतीवर भागत नसे. म्हणून जैतून, खजूर आणि मेंढ्यांच्या जोडीला माग आला. इथली कापडाची ख्याती जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी आफ्रिकेतल्या उत्तम जांभळ्या रंगासाठी मेनिंक्सचं, म्हणजे याच बेटाचं नाव घेतो. समुद्री गोगलगायींपासून निघणारा तो रंग कापडाला देत.

इथल्या विणकरांच्या कार्यशाळा अर्ध्या जमिनीत असतात. जाड भिंती, वर कमानीचं छत. बाहेर कितीही ऊन असलं तरी आत गारवा आणि ओलावा टिकतो. सुक्या हवेत धागा तुटतो, हे आपल्या खड्डामागावर बसणाऱ्यांनाही ठाऊक होतं. बायका घरी लोकर धुऊन, विंचरून सूत कातत; पुरुष मागावर चादरी, शाली, बुरनूस विणत. उस्मानी काळात जेरबाचे व्यापारी कैरो, अलेक्झांड्रियापर्यंत पोचले होते.

पुढे गिरणीचं कापड आलं, पेहराव बदलला. तरुण दुकानदारीसाठी ट्युनिस आणि फ्रान्सला गेले. १९६०नंतर पर्यटन वाढलं आणि हॉटेलातली नोकरी मागापेक्षा बरी वाटू लागली. कितीतरी कार्यशाळा ओस पडल्या.

हे वाचताना मालेगाव आठवतं. १८५७नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी तिथे हातमागावर लुगडी विणली. विसाव्या शतकात यंत्रमाग आले आणि हातमाग मागे पडला. त्याबद्दल विणकराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला घर चालवायचं होतं.

म्हणूनच वारसा जतनाची भाषा मला अपुरी वाटते. भिंतींची डागडुजी सरकार करू शकतं. पण ताणा कसा लावायचा, हे बापाच्या शेजारी बसूनच मुलगा शिकतो. त्या कामाला पोटापुरता दाम मिळणार नसेल, तर तो तिथे बसेल कशाला? जेरबा असो की मालेगाव, जतनाची सुरुवात विणकराच्या मजुरीपासून व्हायला हवी.