पुंज बिंदू : संश्लेषणाची परिस्थिती व गुणधर्म

पुंज बिंदू : प्रकाश उत्सर्जित करणारे, काही नॅनोमीटर व्यासाचे अर्धसंवाहक स्फटिककण. इलेक्ट्रॉन व त्याने मागे ठेवलेली पोकळी यांना वावरण्यास येथे जागा इतकी अपुरी असते की, कण जितका लहान तितके ऊर्जापातळ्यांतील अंतर वाढते व प्रकाश निळ्याकडे सरकतो. कॅडमियम सेलेनाइडाचा सुमारे २ नॅनोमीटर व्यासाचा कण निळा, तर ६ नॅनोमीटरांचा तांबडा प्रकाश देतो. द्रव्य एकच असल्याने रंगाची सारी मदार घडणीच्या परिस्थितीवर राहते.

तापमान व काल : सोव्हिएट शास्त्रज्ञ अलेक्सेई एकिमोव्ह यांनी ताम्र क्लोराइडयुक्त काच ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला १ ते ९६ तास तापवून कणांचे आकारमान बदलते, हे १९८१ मध्ये दाखविले. पुढे १९९३ मध्ये मरी, नॉरिस व बावेंडी यांनी अमेरिकेत द्रावातील रीत सिद्ध केली. सुमारे ३०० अंशांवरील ट्रायऑक्टिलफॉस्फीन ऑक्साइडात अभिकारकांचा थंड विद्राव एकदम सोडला की असंख्य स्फटिकबीजे एकाच वेळी जन्मतात. तापमान सुमारे १८० अंशांवर उतरल्याने नवी बीजे निपजणे थांबते आणि विद्राव पुन्हा २३० ते २६० अंशांपर्यंत तापविला की आधी जन्मलेली बीजे बरोबरीने वाढतात. चंबूतून ठराविक अंतराने काढलेले नमुने जंबुपार दिव्याखाली ओळीने धरले, तर निळसर हिरव्यापासून तांबड्यापर्यंतचे रंग क्रमाने दिसतात.

संहती : अभिकारकांचा पुरवठा आटला की लहान कण विरघळून त्यांच्या द्रव्यावर मोठे कण पोसतात, आकारमानांत तफावत पडते व रंगाची शुद्धता जाते; वेळीच ताजा अभिकारक घातल्यास लहान कण अधिक वेगाने वाढून ही तफावत भरून निघते.

पृष्ठभाग व आकार : पृष्ठभागावरील अणूंचे अतृप्त बंध शोषलेली ऊर्जा उष्णतेत दवडतात. हाइन्स व गुयो-सियोनेस्त यांनी १९९६ मध्ये कणांवर झिंक सल्फाइडाचे कवच चढविले, तेव्हा उत्सर्जनाची कार्यक्षमता सुमारे ५० टक्क्यांपर्यंत पोहोचली. कणाला वेढणारे रेणू आकारही ठरवितात : विद्रावात फॉस्फॉनिक अम्ल असता गोलकांऐवजी दंडाकार कण वाढतात व त्यांचा प्रकाश ध्रुवित असतो.

म्हणून अशा कणांचे वर्णन केवळ रासायनिक सूत्राने पुरे होत नाही. त्याजबरोबर तापमान, काल, संहती व वेढणारे रेणू यांची नोंद असणे अगत्याचे आहे.