स्मोंग : एका शब्दाची ९७ वर्षं

मंडळी, आज एका शब्दाचा इतिहास. शब्द आहे ‘स्मोंग’. इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला, आचे प्रांतात सिमेउलुए नावाचं एक बेट आहे. तिथल्या देवायन भाषेतला हा शब्द. अर्थ : भूकंपामागून येणारी समुद्राची प्रचंड लाट.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि एकट्या आचे प्रांतात दीड लाखाहून जास्त माणसं गेली. सिमेउलुएचं उत्तर टोक या भूकंपाच्या केंद्रापासून जेमतेम ४० किलोमीटरवर. बेटाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ७८,०००. मृत्यू किती? सात! टायपो नाहीये हा.

आता आपल्या धंद्याच्या भाषेत जरा लेटन्सी बघू. उत्तरेकडच्या लांगी गावात हादरे थांबल्यावर दहा मिनिटांच्या आत लाट आली. उंची १० ते १५ मीटर, म्हणजे तीन-चार मजली इमारतीएवढी. गावातली सुमारे ८०० माणसं, सगळीच्या सगळी वाचली. हवाईतल्या पॅसिफिक त्सुनामी वॉर्निंग सेंटरचं पहिलं बुलेटिन निघालं भूकंपानंतर साधारण १५ मिनिटांनी, आणि त्यातही तीव्रता ८.० धरलेली होती. हिंदी महासागरासाठी तर तेव्हा यंत्रणाच नव्हती. समजा असती, आणि सॅटेलाइट, सायरन, एसेमेस सगळं चोख चाललं असतं, तरी लांगीत निरोप लाटेनंतरच पोचला असता.

मग या लोकांना सांगितलं कुणी? आजी-आजोबांनी.

४ जानेवारी १९०७ ला, डच अमदानीत, याच बेटावर भूकंप आणि त्सुनामी झाली होती. बेटावर गोष्ट सांगतात ती अशी : समुद्र मागे हटला, उघड्या पडलेल्या तळावर मासे तडफडायला लागले, लोक ते गोळा करायला धावले... आणि लाट आली. जे वाचले त्यांनी हे मुलांना सांगितलं, मुलांनी नातवंडांना. तिथल्या गोष्टी सांगायच्या परंपरेला ‘नाफी-नाफी’ म्हणतात. ‘नांदोंग’ नावाच्या गाण्यांमध्येही स्मोंग येतो.

नियम काय, तर जोराचा भूकंप झाला आणि समुद्र ओसरला, की डोंगराकडे पळायचं. बस्स. ट्रिगर स्पष्ट, कृती एकच, आणि कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. डोंगर जवळच, त्यामुळे फॉल्स अलार्म निघाला तरी काय जाणार? चार-दोन तास. २००४ साली बहुतेकांनी स्मोंग आयुष्यात कधी पाहिला नव्हता, पण शब्द माहीत होता. ‘स्मोंग! स्मोंग!’ ओरडत लोक वर गेले. समोरच्या सुमात्रावर भाषा वेगळी. तिथल्या आचेनी भाषेतही अशा लाटेसाठी एक जुना शब्द होता म्हणे, पण तो वापरातून गेलेला. हा फरक किती महाग पडला ते वरच्या आकड्यांत आहेच.

‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणून लेख इथे संपवता आला असता. पण थांबा.

२५ ऑक्टोबर २०१० ची रात्र. सिमेउलुएच्या दक्षिणेला, त्याच सुमात्रा किनाऱ्यासमोर मेंतावाई बेटं आहेत. तिथे भूकंप झाला, पण हादरे सौम्य होते, फक्त बराच वेळ चालले. अशा संथ भूकंपात जमीन फार हलत नाही, लाट मात्र मोठी उठते. शिवाय २००७ च्या सप्टेंबरमध्ये तिथे याहून जोराचा धक्का बसला होता आणि मोठी लाट आली नव्हती. साहजिकच बरेच जण घरातच थांबले. ४०० हून जास्त माणसं गेली. म्हणजे ‘जोराचा धक्का’ हा ट्रिगर अपुरा आहे. ‘जोराचा किंवा लांबलेला’ असं शिकवावं लागतं. परंपरा असली तरी तिलाही व्हर्जन अपडेट लागतो, आणि तो वेळेवर लागतो.

आता आपल्याकडे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरान किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला. त्याची लाट काही तासांनी मुंबईपर्यंत आली आणि इथेही माणसं वाहून गेली. मुंबईत अशा वेळी पायाखालची जमीन हलेलच याचा भरवसा नाही, त्यामुळे इथे स्मोंगचा नियम तसाच्या तसा चालणार नाही. इथे बाहेरून येणारा निरोपच हवा, आणि तो द्यायला हैदराबादला २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र आहे. अंदमान-निकोबारची गोष्ट वेगळी. तिथे फॉल्ट शेजारीच, म्हणून निरोपाआधी पाय हलले पाहिजेत.

केंद्र निरोप देईलच हो. पण तो ऐकल्यावर नेमकं कुठे आणि कुठल्या वाटेने जायचं, हे वर्सोव्याच्या किंवा दापोलीच्या किनाऱ्यावरच्या पोराला कोण सांगणार? सिमेउलुएत ते काम घरातलं म्हातारं माणूस करत होतं. आपल्या घरात ते कोण करतंय?

असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.