पृष्ठांकन आणि स्कीमा स्थलांतर (गेम सर्व्हर)

गेम सर्व्हरच्या डेटाबेसमधील लांबलचक याद्या तुकड्यांत वाचण्याची आणि खेळ न थांबवता तक्त्यांची रचना बदलण्याची तंत्रे. ‘मास्कगन’ आणि ‘इंडस’ (2024) काढणाऱ्या पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘सुपरप्लॅटफॉर्म’ ज्या जातीचा बॅकएंड आहे, तिथे हे दोन्ही प्रश्न रोजचेच.

याद्या वाचण्याचा भोळा मार्ग ‘ऑफसेट’चा. लीडरबोर्डवर पाच लाखांनंतरची वीस नावे मागितली, की डेटाबेस आधीच्या पाच लाख ओळी वाचून टाकून देतो, मग वीस हातावर ठेवतो. मधेच कुणाचे गुण वाढले, तर एखादे नाव दोन पानांवर दिसते. कीसेट पद्धतीत शेवटच्या ओळीचे गुण व आयडी ही जोडी खूण म्हणून पाठवतात. इंडेक्स थेट तिथून पुढे वाचतो. आयडी हवाच, कारण समान गुणांचे खेळाडू ढिगाने असतात. ‘पान 400’वर उडी मात्र मारता येत नाही. ती मागतो कोण? खेळाडूला आपल्या वरचे-खालचे दहा जण दिसले की झाले.

आता रचना बदलण्याकडे. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 11व्या आवृत्तीपासून (2018) स्थिर मूल्याचा नवा स्तंभ जोडताना अख्खा तक्ता पुन्हा लिहावा लागत नाही. जुन्या माहितीवरून तो भरायचा असेल, तर काम वाढते: आधी रिकामा स्तंभ, मग जुन्या-नव्या दोन्ही स्तंभांत लिहिणारा सर्व्हर, आणि पार्श्वभूमीवर हजार-हजार ओळींचे भरण, तेही कीसेटनेच. गिटहबने 2016 मध्ये खुले केलेले मायएसक्यूएलसाठीचे ‘घोस्ट’ साधन नव्या रचनेचा सावली-तक्ता तयार करून शेवटी मूळ तक्त्याशी त्याची अदलाबदल करते.

जुना स्तंभ काढण्याची घाई मोबाइल गेममध्ये नडते. अपडेट न केलेली ॲप्स महिनोन्महिने जुन्याच साच्यातले उत्तर मागत राहतात.