ऑस्बर्न-१ : पेटीतला संगणक

इ.स. १९८१ च्या एप्रिल महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक-मेळ्यात ऑस्बर्न-१ हे यंत्र लोकांपुढे आले. आकार शिवणयंत्राच्या पेटीएवढा; पेटीचे झाकण काढले की तेच कळफलक. वजन सुमारे ११ किलो. त्यास सुवाह्य म्हणायचे ते मुख्यतः पेटीला मूठ होती म्हणून!

त्याचा कर्ता ॲडम ऑस्बर्न मूळचा ग्रंथव्यवहारातला. संगणकावरील पुस्तके लिहिणे आणि प्रकाशित करणे हा त्याचा व्यवसाय. वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे चरित्रकार; त्यामुळे ॲडमचे बालपण तामिळनाडूत गेले. यंत्राची रचना ली फेल्सेन्स्टाइन यांनी केली. विमानातील आसनाखाली पेटी मावली पाहिजे, ही अट होती आणि बहुतेक उणिवा या अटीतूनच जन्मल्या.

पडदा अवघा पाच इंची, दोन तबकडी-चालकांच्या मध्ये बसविलेला. त्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत. टंकलिखित ओळ साधारण ८० अक्षरांची. म्हणजे लिहिणाऱ्याला ओळीचा शेवट पाहण्यासाठी पडद्यावरील मजकूर डावी-उजवीकडे सरकवावा लागे. एखाद्याने दाराच्या फटीतून पोथी वाचावी, तसा हा प्रकार. आरंभीच्या तबकडीवर १०० किलोबाइटांहूनही कमी मजकूर राही. चाळीस-पन्नास पाने झाली की तबकडी भरली. विद्युत्घटही नव्हता. प्रवासात यंत्र बरोबर नेता येई, पण चालवायचे तर भिंतीतली वीज शोधावी लागे.

तरीही ते विकले गेले. भरभराटीच्या काळात महिन्याला दहा हजारांपर्यंत. कारण किंमत १,७९५ डॉलर आणि त्यातच वर्डस्टार, सुपरकॅल्क व बेसिक या आज्ञावली. त्या स्वतंत्रपणे घेतल्या असत्या, तर जवळपास यंत्राइतकाच खर्च आला असता. काम भागेल इतके पुरे, ही ऑस्बर्नची धारणा ग्राहकाने मान्य केली होती.

मात्र हे 'पुरे' किती, हे ठरविणे त्याच्या हाती राहिले नाही. इ.स. १९८२ मध्ये केप्रो-२ त्याच किमतीत नऊ इंची पडदा घेऊन आला. पाठोपाठ कॉम्पॅकचे यंत्र आले. ते महाग होते, पण आयबीएमच्या आज्ञावली चालवीत असे. काल खपवून घेतलेला छोटा पडदा एकाएकी डोळ्यांत खुपू लागला.

ऑस्बर्नने 'एक्झिक्युटिव्ह' या नव्या यंत्राचा गाजावाजा अवेळी केला, त्यामुळे जुन्याची मागणी आटली आणि कंपनी बुडाली, असे सांगितले जाते. व्यापारशास्त्रात 'ऑस्बर्न परिणाम' हा शब्दच त्यावरून रूढ झाला. गोष्ट चटकदार खरी, पण अपुरी. एक्झिक्युटिव्हचा पडदाही सात इंचीच होता. प्रतिस्पर्धी त्याही पुढे गेले होते. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले.

ऑस्बर्न प्रकृती ढासळल्यावर इ.स. १९९२ मध्ये भारतात परतला. बालपणी जेथे शाळेत गेला होता, त्या कोडाईकनाल येथेच १८ मार्च २००३ रोजी त्याचे निधन झाले.